बोट थांबेल तेवढ्या वेळात

मामांच्या हातात मुंबई-गोवा-लक्षद्वीप क्रूझचं वेळापत्रक पडलं आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिकिटात खोली आहे, जेवणखाण आहे, रात्रीचं गाणं-बजावणं आहे. मग किनाऱ्यावर उतरून गाव बघायचे पैसे वेगळे कशाला?" मामींची काळजी निराळी होती. "आपण खाली फिरत असतानाच बोट सुटली तर काय करायचं रे?"

चाळीस वर्षं तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर एका दिवसात उरकणाऱ्या बाईला हाच प्रश्न पडणार. सोलापुरातला जीपवाला "दीड तासात या हं" म्हणतो आणि आपण दोन तासांनी पोचलो तरी तो टपरीवर चहा पीत बसलेला असतो. बोटीचा कप्तान तसा बसत नाही.

या दोन्ही प्रश्नांची मुळं कोळशात आहेत. वाफेच्या बोटी बंदरात थांबायच्या त्या काही प्रवाशांना गाव दाखवायला नव्हे. कोळसा भरायचा, पाणी घ्यायचं, टपालाच्या थैल्या उतरवायच्या नि चढवायच्या, ही कामं असायची. मुंबईहून विलायतेला निघालेली बोट अरबस्तानातल्या एडनला थांबे, पुढे इजिप्तमधल्या पोर्ट सैदला थांबे. टोपल्या घेतलेल्या मजुरांची रांग फळीवरून वर चढू लागली की काळी भुकटी सगळीकडे पसरायची. खिडक्या घट्ट बंद. अशा वेळी आत गुदमरत बसा, नाहीतर किनाऱ्यावर जा. लोक किनाऱ्यावर जात. एडनला गाडी ठरवून डोंगराच्या कुशीतले पाण्याचे जुने हौद बघून येत. बोटीभोवती पोरं पाण्यात सूर मारत आणि प्रवाशांनी फेकलेली नाणी बुडी मारून वर आणत. तिकडून येणाऱ्यांनी पोर्ट सैदला सायमन आर्ट्झच्या दुकानातून उन्हाची सोला टोपी घ्यायची, तोवर कोळसा भरून होई. गाईड म्हणजे धक्क्यावर गाठ पडलेला दुभाष्या. भाव आपणच ठरवायचा आणि फसलो तर तेही आपणच निस्तरायचं. बोट कंपनीचा या व्यवहाराशी काही संबंध नसे. गाव हा तिचा माल नव्हताच, मग तो तिकिटात कुठून येणार? मामांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे.

इजिप्तची गोष्ट त्याहून मजेदार. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ ला खुला झाला. त्याआधी विलायतेहून हिंदुस्थानात येणाऱ्याला अलेक्झांड्रियाला उतरून, कैरोमार्गे सुएझ गाठून तिथून दुसरी बोट धरावी लागे. थॉमस वॅगहॉर्न या खटपट्या इंग्रजाने १८३० च्या दशकात ही वाट लावून दिली. १८५८ मध्ये कैरो ते सुएझ रेल्वे झाली. पिरॅमिड या वाटेवरच होते, त्यामुळे ते आयतेच बघून होत. कालवा झाल्यावर उतरायचं कारणच उरलं नाही. पण पिरॅमिड तर बघायचेत! मग कालव्याच्या एका तोंडाला उतरायचं, रेल्वेने कैरोला जाऊन यायचं आणि कालवा ओलांडून आलेली तीच बोट दुसऱ्या तोंडाला पकडायची, असा प्रघात पडला. सक्ती संपली आणि तिची सहल झाली. क्रूझ कंपन्या आजही ही सहल विकतात, फक्त रेल्वेच्या जागी वातानुकूलित बस आली.

निव्वळ हिंडण्यासाठी बोटीत बसायची कल्पनाही एकोणिसाव्या शतकातलीच. पी अँड ओ कंपनीने १८४४ मध्ये साउदम्प्टनहून जिब्राल्टर, माल्टा, अथेन्सच्या फेऱ्या सुरू केल्या. १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून 'क्वेकर सिटी' ही बोट भूमध्य समुद्राकडे आणि पवित्र भूमीकडे निघाली. पण या धंद्याला शिस्त लावली थॉमस कुकने. १८६९ मध्ये तो प्रवासी घेऊन इजिप्तला गेला, १८७२-७३ च्या जगप्रदक्षिणेत हिंदुस्थानातही येऊन गेला आणि १८८१ मध्ये त्याच्या कंपनीची कचेरी मुंबईत उघडली. त्याची खरी करामत म्हणजे कुपनं. पैसे घरीच भरायचे, परक्या गावात नुसतं कुपन पुढं करायचं. घासाघीस संपली, आणि मला वाटतं, गावाशी होणारं थोडंफार बोलणंही तिथंच संपलं.

मग अल्बर्ट बालिन. हा हॅम्बुर्गच्या हापाग या बोट कंपनीतला माणूस. हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक नसे आणि मोठमोठ्या बोटी रिकाम्या पडून राहत. त्याने २२ जानेवारी १८९१ ला 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्रात पाठवली आणि किनाऱ्यावरच्या सहली आधीच आखून ठेवल्या. आज ज्याला 'शोअर एक्सकर्शन' म्हणतात ती इथून मार्गी लागली असं मी मानतो. बंदर हा थांबा होता, तो आता विकायचा माल झाला. १९२२ मध्ये क्युनार्ड या बोट कंपनीची 'लॅकोनिया' जगप्रदक्षिणेला निघाली तेव्हा ती अमेरिकन एक्सप्रेस या सहली काढणाऱ्या कंपनीने भाड्याने घेतली होती. म्हणजे बोट एकाची आणि सहल दुसऱ्याची. ही वाटणी अजून तशीच आहे, फक्त वरून दिसत नाही.

मुंबईत उतरणाऱ्यांना घारापुरी ठरलेली असे. १८७५ साली ब्रिटनचे युवराज आले तेव्हा लेण्यात मेजवानीच झडली. आणि सोलापूर? समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर, पण बोटीने मुंबईत उतरून मद्रासकडे जाणारा माणूस सोलापुरावरूनच जायचा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे इथं १८६० मध्ये आली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या लोहमार्गाला मिळाली. गोल घुमट बघायला रेल्वेने विजापूरला जाणाऱ्याची वाट तर आपल्या होटगीवरून. सोलापुरातल्या भैय्या चौकातल्या घरातले डॉ. द्वारकानाथ कोटणीसही १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून 'राजपुताना' बोटीने चीनला निघाले. तेव्हा परदेश म्हटलं की बोट, एवढं सरळ होतं.

ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि ते सरळपण गेलं. प्रवासासाठी बोट लागेना, मग हौसेसाठी ती ठेवली गेली. १९६६ मध्ये मायामीहून 'सनवर्ड' ही हौशी सफरींची बोट सुटू लागली, पुढे कॅरिबियन समुद्रात या धंद्याचं पेवच फुटलं. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि बार, जुगार, दुकानं, किनाऱ्यावरच्या सहली यांतून कमवायचं, असं गणित बसलं. सहल चालवतो गावातलाच बसवाला किंवा नाववाला. बोट कंपनी वर आपला वाटा ठेवून ती विकते. मामांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हेच. पुढे तर गावाचीही गरज उरली नाही. १९७७ मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने बहामातलं एक बेट विकत घेतलं. बंदर, वाळू, छत्री, सरबत सगळं एकाच घरचं!

आता मामींची काळजी. बोट सुटण्याच्या अर्धा तास किंवा त्याहून आधी 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परतायची वेळ असते. उतरताना आणि चढताना प्रत्येकाचं कार्ड मशीनला लावलं जातं, त्यामुळे कोण बाहेर आहे ते बोटीला पक्कं ठाऊक असतं. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर बोट सहसा थांबते. स्वतःची टॅक्सी करून गेलेल्यासाठी थांबत नाही. फार तर त्याच्या खोलीतली तिजोरी उघडून पासपोर्ट बंदरावरच्या एजंटाकडे सोपवतात आणि बोट निघते. पुढचं बंदर गाठायचं स्वखर्चाने. कंपनीच्या महाग सहलीत माणूस जे विकत घेतो ते मुख्यतः हे थांबणं असतं.

मात्र जबाबदारीचं काय? ९ डिसेंबर २०१९ ला न्यूझीलंडमधल्या व्हाइट आयलंड ज्वालामुखीचा स्फोट झाला. तेव्हा बेटावर ४७ जण होते. त्यांतले ३८ 'ओव्हेशन ऑफ द सीज' बोटीवरून सहलीला आलेले. २२ जण दगावले. तिकिटामागच्या बारीक अक्षरांत बहुतेक कंपन्या लिहून ठेवतात की सहल चालवणारा स्वतंत्र ठेकेदार आहे. ती अक्षरं तेव्हा पुष्कळांनी पहिल्यांदा वाचली असतील.

गावांचीही तक्रार आहेच. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना शहरातल्या कालव्यातून बंदी घातली. दिवसा येणार, फोटो काढणार, रात्रीचं जेवण बोटीवर जेवणार, अशा पाहुण्याचा गावाला उपयोग किती? आपल्या तीर्थक्षेत्रांतले लॉजवालेही हेच विचारतात.

आपल्याकडे लक्षद्वीप प्रशासनाची 'समुद्रम' सहल याच जातीची. कोचीहून 'एमव्ही कवरत्ती'ने निघायचं, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बेटांवर फिरायचं, जेवण बेटावर आणि झोप बोटीवर. बोट प्रवाळाच्या रांगेबाहेर उभी राहते आणि माणसांची छोट्या होड्यांनी ने-आण होते. समुद्र खवळला तर उतरणं रद्द. मामींना मी हे मुद्दाम सांगितलं. हलत्या बोटीतून होडीत पाय टाकायचाय, नऊवारी नको.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पिअर, म्हणजे बोटीचा धक्का, टॅक्सीने काही मिनिटांवर. तिथवरची काळजी नाही. परदेशी बंदरांत घोटाळा होतो तो वेळेचा. फोन आपोआप गावाची वेळ दाखवतो, बोट मात्र स्वतःच्या वेळेवर सुटते, म्हणून मनगटावर साधं घड्याळ ठेवा असं जाणते सांगतात. मुंबई-गोवा-लक्षद्वीपला वेळ एकच, हे मी दोनदा समजावलं. तरी मामांनी कपाटातून चावीचं एचएमटी काढलंय आणि परवापासून ते रोज रेडिओच्या बातम्यांना लावून बघतायत.