पळताना पाणी किती प्यावं?

मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात कुणी अडखळलं, डोकं धरून बसलं, मळमळतंय म्हणालं, की आपण आधी पाण्याची बाटली पुढे करतो. पण त्याच्या बोटातली अंगठी घट्ट झाली असेल, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतत असेल, तर थांबा. त्याच्या पोटात पाणी गरजेपेक्षा जास्त गेलेलं असू शकतं.

रक्तात सोडियम, म्हणजे मिठातला एक घटक, साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रतिलीटर असतं. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, त्यामुळे नुसता घाम गेला तर रक्त उलट थोडं खारटच होतं. जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त पाणी आत आलं की रक्त पातळ होतं, म्हणजे त्यातलं सोडियम घसरतं. एरवी मूत्रपिंडं हे जादा पाणी बाहेर टाकतात. पण तासन्‌तास पळताना व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढतं आणि लघवी रोखली जाते. मग पाणी पेशींत शिरतं, पेशी सुजतात. कवटीत मेंदूला सुजायला जागाच नसते. भ्रम, झटके, बेशुद्धी आणि क्वचित मृत्यू ओढवतो तो यामुळे.

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम घसरलेलं निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना धोका सर्वाधिक होता. मला काळजी वाटते ती सावकाश पळणाऱ्यांची. चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर, घाम बेताचा, आणि वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पेला हातात! इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे क्षार घातलेलं, पेय घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. त्यातलं सोडियम रक्तापेक्षा बरंच कमी असतं, म्हणून अति प्यायलं तर तेही रक्त पातळच करतं.

याचा अर्थ उन्हात कोरडं पळा असा मुळीच नाही. तहान लागली की प्या, भागली की थांबा. सरावात एकदा हिशेबही करून बघा: तासाभरात वजन ६०० ग्रॅम घटलं आणि मध्ये ३०० मिली प्यायला असाल, तर घाम साधारण ९०० मिली गेला. शर्यत संपताना थोडं हलकं असणं ठीक आहे, जड होणं नाही.

आणि कुणी असंबद्ध बोलू लागलं तर त्याला पाणी पाजू नका, थेट वैद्यकीय तंबूत न्या. तिथे आधी सोडियम तपासायला हवं. ते घसरलं असेल, तर उपचार म्हणजे ३ टक्क्यांचं तीव्र सलाईन.