जपानी चित्रपट-मालिकांच्या नोंदींसाठी अस्सल पोस्टरची निवड

चित्रपट किंवा मालिका पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा निर्मात्याने वा वितरकाने जे चित्र झळकवले तेच तिच्या नोंदीचे अस्सल चित्र, असे चित्रपट-मालिकांच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये नोंदी भरणारे साधारणपणे मानतात. नंतरच्या डीव्हीडीचे वेष्टन, परदेशी वितरकाचे पोस्टर, चाहत्याने हौसेने केलेले चित्र, हे सारे दुय्यम. नियम सोपा आहे. घोटाळा होतो तो जपानी अक्षरे दिसताच चित्र अस्सल धरल्यामुळे.

तोहो कंपनीचा ‘गोजिरा’, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला ‘गॉडझिला’, जपानमध्ये ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. १९५६ मध्ये अमेरिकेत आला तो कापलेला, रेमंड बर या अभिनेत्याचे नवे प्रसंग घुसडलेला. हीच आवृत्ती १९५७ मध्ये ‘काइजू-ओ गोजिरा’, म्हणजे ‘महाकाय श्वापदांचा राजा गोजिरा’, या नावाने जपानला परतली. तिचे पोस्टरही जपानीच! नावाआधीची तीन जादा कांजी (चिनी वळणाची) अक्षरे नजरेतून सुटली, की ते खुशाल १९५४ च्या नोंदीवर जाऊन बसते.

म्हणून पोस्टर तळापासून वाचावे. अलीकडच्या पोस्टरवर तिथे स्वामित्वहक्काचे साल आणि बहुधा ‘सेइसाकु इइन्काइ’चे, म्हणजे निर्मितीत पैसा घालणाऱ्या कंपन्यांच्या समितीचे, नाव असते. प्रदर्शनाचा महिना आणि दिवस ठळक छापतात, साल पुष्कळदा नसतेच. पण शेजारी कंसात वार असतो. तो पंचांगाशी ताडला की पहिले प्रदर्शन कोणते आणि पुनःप्रदर्शन कोणते, हे बहुतेक वेळा कळते. जुन्या चित्रपटाच्या पोस्टरवर ‘४के’ (अतिस्पष्ट डिजिटल प्रत) असा शिक्का असेल तर ते पुनःप्रदर्शनाचेच; एवढ्या खटाटोपाचीही गरज नाही.

आकाराची अडचण वेगळीच. जपानी चित्रपटगृहातले नेहमीचे पोस्टर बी२, म्हणजे ५१५ × ७२८ मिलिमीटर; फुकट वाटली जाणारी ‘चिराशी’ पत्रके बहुधा बी५. दोन्हींचे प्रमाण साधारण १:१.४१. टीएमडीबी (द मूव्ही डेटाबेस) सारखे डेटाबेस मात्र २:३ मागतात. तेवढ्यात बसवायचे तर बी२ च्या रुंदीतले सुमारे ३० मिलिमीटर कापावे लागतात, आणि उभ्या ओळीत लिहिलेले घोषवाक्य बरेचदा नेमके त्याच कडेला असते. काही जण न कापता चित्र ताणतात. मग नायकाचा चेहरा काकडीसारखा लांबट होतो. त्यापेक्षा कापलेले बरे.

मालिकांचे काम अधिक किचकट. नव्या मालिकांचे ‘की व्हिज्युअल’, म्हणजे प्रसिद्धीचे मुख्य चित्र, वाहिनीच्या संकेतस्थळावर मिळते. ॲनिमेचे (जपानी ॲनिमेशन मालिकांचे) तर आधी झलकीपुरते आणि मग मुख्य, असे दोन-तीन निघतात. त्यांतले मुख्य घ्यावे. जुन्या मालिकांच्या वाट्याला पुष्कळदा काही दशकांनी निघालेल्या डीव्हीडी-संचाचे वेष्टनच तेवढे येते. ते लावायला हरकत नाही, फक्त ते वेष्टन आहे हे नोंदीत लिहावे. वेष्टनही नसेल, तर पहिल्या भागातल्या शीर्षकाचे स्थिरचित्र चालते. धूसर असले तरी ते त्या काळचे असते.