प्रतिकृती रेल्वे इंजिनातील दिव्यांची तारमांडणी

प्रतिकृती रेल्वे इंजिनाच्या कवचाच्या (बॉडीच्या) आतून पुढच्या व मागच्या दिव्यांच्या तारा नेण्याची पद्धती. एचओ (१:८७) व एन (१:१६०) प्रमाणांच्या डिझेल व विद्युत इंजिनांत ती कसोटीची ठरते; कारण दिवे कवचात, डीकोडर (अंकीय आदेश वाचून मोटर व दिवे चालवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक पट्ट) चासीवर (खालच्या सांगाड्यावर) आणि दोहोंच्या मध्ये मोटर व फ्लायव्हील (गती सलग ठेवणारे जड चाक) फिरत असतात.

जुन्या इंजिनांत बल्ब बहुधा चासीवरच बसवलेला असे. वेगासाठी व्होल्टता बदलली की त्याचा उजेडही कमीजास्त होई. अंकीय नियंत्रण आल्यावर प्रत्येक दिव्याला स्वतंत्र तार आली आणि रंगसंकेताची गरज पडली. जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीच्या प्रणालीत (१९८५) सर्व दिव्यांची सामाईक तार नारिंगी, पुढचा दिवा करडा, मागचा पिवळा. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या संकेतात मात्र सामाईक धन तार निळी, पुढचा दिवा पांढरा व मागचा पिवळा असून नारिंगी व करडी या मोटरच्या तारा आहेत. या संस्थेने साधारणतः १९९० च्या दशकाच्या मध्यास स्वीकारलेले डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे अंकीय नियंत्रणाचे) मानक जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या प्रणालीवर आधारलेले आहे. दिव्यांच्या तारांपैकी दोन्ही संकेतांत पिवळी तार तेवढी समान आहे. म्हणून जुने इंजिन उघडल्यावर रंगावर विसंबू नये. प्रत्येक तार मीटरने तपासावी.

तारा छताच्या आतल्या बाजूने, मध्यरेषेलगत नेऊन पॉलिइमाइड (उष्णता सोसणाऱ्या विद्युतरोधक) पट्टीने चिकटवतात. फ्लायव्हीलला घासून आवरण झिजले आणि उघडी तार धातूच्या चासीला टेकली, तर डीकोडर जळू शकतो. कवच उचलून शेजारी ठेवता येईल एवढी ढील एका टोकाला ठेवतात किंवा छोटा प्लग बसवतात. प्लग केव्हाही बरा. एनामल लेपाची तांब्याची तार (सु. ०.१ ते ०.२५ मिमी.) खिडकीच्या खांबामागे सहज लपते, मात्र डाख देताना लेप काढावा लागतो आणि घर्षण तिला सोसत नाही. अनेक बारीक पदरांची मऊ तार जाड असली, तरी वाकणाऱ्या भागात तीच योग्य.

रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक) सामाईक निळ्या तारेवर एकच असावा की प्रत्येक एलईडीला वेगळा, याबाबत मतभेद आहेत. एकावर काम भागते. पण दोन्ही दिवे एकदम लागले की उजेड मंदावतो, त्यामुळे वेगळे रेझिस्टर श्रेयस्कर. पुरवठा १४ व्होल्ट, एलईडीवरील व्होल्टता सु. ३ व्होल्ट व रेझिस्टर १ किलोओहम धरल्यास पांढऱ्या एलईडीतून सु. ११ मिलिअँपिअर प्रवाह जातो व रेझिस्टरमध्ये सु. ०.१२ वॉट उष्णता निर्माण होते. १/८ वॉटचा रेझिस्टर तिथे काठावर येतो. १/४ वॉटचा घ्यावा व तो प्लॅस्टिकच्या भिंतीला टेकवू नये.

एलईडीची मागची बाजू काळ्या रंगाने झाकतात, नाहीतर पातळ कवचातून उजेड झिरपतो. खिडक्यांजवळ सायनोअॅक्रिलेट (झटपट चिकटणारा) गोंद टाळतात. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक धुरकट होते.