नाव वेगळं, गोळी तीच?

अमेरिकेत गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईला एखाद्या महिन्यात औषध दुकानातून भलत्याच नावाचं पाकीट मिळू शकतं. डॉक्टरांनी लिहिलेली असते ‘यास्मिन’, हातात पडते ‘ओसेला’. तिकडे या गोळ्यांच्या जेनेरिकनाही (म्हणजे मूळ ब्रँडऐवजी मिळणाऱ्या त्याच औषधाच्या गोळ्यांनाही) स्वतःची नावं असतात, त्यामुळे औषधच बदललं असं वाटणं साहजिक आहे. खरं तर दोन्हींत तीच दोन हार्मोन : ड्रॉस्पिरेनोन ३ मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅमच. गंमत म्हणजे २००८ मध्ये बार कंपनीने ओसेला बाजारात आणली, तेव्हा ती बनवून दिली यास्मिनवाल्या बायरनेच!

जेनेरिकबद्दल एक आकडा नेहमी घाबरवतो : ती मूळ औषधासारखीच आहे का, हे ठरवायची ८० ते १२५ टक्क्यांची मर्यादा. म्हणजे गोळीत २० टक्के औषध कमी चालतं, असा अर्थ लोक काढतात. तो चुकीचा आहे. चाचणीत त्याच निरोगी स्त्रियांना मूळ आणि जेनेरिक यांपैकी आधी एक गोळी आणि मध्ये काही काळ जाऊ देऊन दुसरी देतात. दर वेळी ठरावीक अंतराने रक्त घेऊन हार्मोनची सर्वोच्च पातळी किती आणि एकूण किती हार्मोन रक्तात उतरलं, हे मोजतात. दोन्ही गोळ्यांच्या सरासरीचं गुणोत्तर काढलं की त्याला अनिश्चिततेचा एक पट्टा असतो. हा अख्खा पट्टा ८० ते १२५ च्या आत बसावा लागतो. सरासरीच २० टक्क्यांनी घसरली, तर पट्ट्याचं खालचं टोक ८० च्या खाली जातं आणि गोळी नापास होते.

अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९६ ते २००७ मधल्या अशा २,०७० चाचण्या तपासल्या. त्या सगळ्या प्रकारच्या औषधांच्या होत्या. मूळ औषध आणि जेनेरिक यांच्यातला सरासरी फरक निघाला साडेचार टक्क्यांहून कमी. तीच ब्रँडेड गोळी घेणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातल्या एथिनिल एस्ट्राडायॉलमध्ये याहून कितीतरी मोठी तफावत असते, कारण आतडं आणि यकृत त्याचा बराच भाग आधीच मोडून टाकतात.

माझ्या मते लक्ष ठेवायचं ते पाकिटावर. २०१२ च्या सुरुवातीला फायझरने सुमारे दहा लाख पाकिटं परत मागवली. हार्मोनच्या आणि बिनहार्मोनच्या गोळ्यांची संख्या किंवा क्रम त्यांत चुकला असण्याची शक्यता होती. त्यात ‘लो/ओव्हरल’ हा ब्रँडही होता आणि त्याची जेनेरिकही. त्याच सुमारास ग्लेनमार्कलाही काही पाकिटं मागे घ्यावी लागली, कारण पट्टी उलटी बसल्याने आठवड्यांचा क्रम फिरला होता. (गोव्यात बार्देशमधल्या कोलवाळला याच कंपनीच्या कारखान्यात अमेरिकेसाठी अशा गोळ्या बनतात.)

आपल्याकडेही हेच पाहायला हवं. ‘ओव्हरल-एल’ आणि सरकारी ‘माला-एन’ या दोन्हींत लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ आणि एथिनिल एस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम. पण ओव्हरल-एलच्या पाकिटात २१ गोळ्या, त्या संपल्या की सात दिवस सुट्टी. माला-एनमध्ये २८ : २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. सुट्टीचे सात दिवस त्या लोहाच्या गोळ्यांतच मोजलेले असतात. जुन्या सवयीने त्यानंतर पुन्हा सात दिवस थांबलं, तर सलग १४ दिवस हार्मोनशिवाय जातात, आणि बीजांड बाहेर पडायला तेवढे पुरतात.