ब्रेकअवे बोल्ट

ब्रेकअवे बोल्ट म्हणजे आगीच्या पाण्याचा हायड्रंट आणि त्याच्या खालचा व्हॉल्व यांचे फ्लँज (पाइपच्या टोकाच्या, बोल्टसाठी भोके असलेल्या चकत्या) एकत्र धरणारा, पण गाडीची धडक बसताच तुटावा म्हणून मुद्दाम कच्चा केलेला बोल्ट. एरवी तो पाण्याचा दाब बिनतक्रार झेलतो. धडक बसली की तो सगळ्यांच्या आधी तुटतो, हायड्रंट आडवा पडतो आणि जमिनीखालचा व्हॉल्व, बेंड (पाइपचा वळणाचा तुकडा) व पाइपलाइन शाबूत राहते. नवे बोल्ट आणि फ्लँजांच्या मधले गळती रोखणारे नवे पॅकिंग घातले की पडलेला हायड्रंट बहुधा त्याच दिवशी उभा करता येतो. पाइप खालून फुटला तर मात्र खोदकाम आलेच.

कल्पना विदर्भातल्या शेतकऱ्याला नवी नाही. रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टला, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याला, शिअर बोल्ट असतो. पाते दगडावर अडकले की बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून वैतागून कोणी त्याच्या जागी कडक पोलादाचा बोल्ट ठोकला, तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्सच जातो. हायड्रंटच्या बोल्टचे दुखणेही तेच आहे. कामचलाऊ दिसणारी वस्तू बदलून ‘पक्की’ वस्तू लावण्याची मिस्त्रीची सवय इथे नडते.

ग्रामीण विदर्भात रस्त्याकडेला हायड्रंट नसतात. गावात आग लागली तर तालुक्याच्या नगर परिषदेचा बंब पोचेपर्यंत विहीर, मोटारपंप आणि बादल्या, एवढ्यावरच भागवावे लागते. हायड्रंट दिसतात ते कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस अशा औष्णिक वीज केंद्रांत, सोयाबीनचे तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये, सरकीच्या तेल गिरण्यांत आणि कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये. यांत जिनिंगचे आवार सर्वांत अवघड, कारण तिथे कापूस आणि ट्रक एकाच अंगणात असतात.

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा किंवा अकोटच्या बाजूला दिवाळीच्या मागेपुढे हंगाम लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. काट्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, मध्येच एखादी बैलबंडी, अंगणभर कापसाच्या गंज्या. कापसाबरोबर आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा रेच्यात (सरकी काढणाऱ्या यंत्रात) घासला की ठिणगी पडते, आणि हवेच्या झोतात वाहणाऱ्या रुईबरोबर ती कुठल्या कुठे पोचते. १७० किलोच्या दाबलेल्या गाठीत शिरलेला विस्तव कित्येक दिवस आतल्या आत धुमसू शकतो. म्हणून पाणी गंजीच्या जवळच हवे. अडचण अशी की गंजीजवळच ट्रक वळतात.

भारतात बाहेरच्या हायड्रंटची मांडणी आयएस १३०३९ या भारतीय मानकाच्या संहितेनुसार होते. उभ्या खांबासारख्या स्टँडपोस्ट हायड्रंटसाठी आयएस ९०८ आणि होज जोडण्याच्या लँडिंग व्हॉल्वसाठी आयएस ५२९० ही मानके आहेत. ६३ मिमीची होज अडकवायचे तोंड जमिनीपासून साधारण एक मीटरवर ठेवतात. माणसाच्या हाताला ही उंची सोयीची आहे, आणि दुर्दैवाने ट्रकच्या मागच्या फाळक्यालाही. संध्याकाळची वेळ, हवेत रुईची धूळ. क्लीनर फाळक्यावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ करतो आणि ‘थांब’ म्हणेपर्यंत लाल खांब तिरका झालेला असतो.

पुढे काय होते ते आपल्याकडचे हायड्रंट कोणत्या जातीचे आहेत त्यावर अवलंबून आहे. थंड मुलखात, उदाहरणार्थ उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागात, हायड्रंटच्या नळात पाणी ठेवत नाहीत. ठेवले तर गोठते. मुख्य व्हॉल्व गोठणरेषेच्या खाली असतो आणि वरचा खांब कोरडा. या कोरड्या हायड्रंटला जमिनीलगत तुटणारा फ्लँज आणि आतल्या दांड्याला तुटणारा कपलिंग असतो. गाडी आदळली तर वरचा भाग निखळतो आणि खालचा व्हॉल्व पाण्याच्या दाबानेच बंद राहतो, पाणी वर येत नाही. कॅलिफोर्नियासारख्या उबदार प्रदेशात ओला हायड्रंट चालतो, म्हणजे खांब सदैव पाण्याने भरलेला. ब्रेकअवे बोल्ट खऱ्या अर्थाने या ओल्या हायड्रंटचे. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनने कोरड्यासाठी सी ५०२ आणि ओल्यासाठी सी ५०३ अशी वेगवेगळी मानके ठेवली आहेत.

मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या विदर्भात नळ गोठण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे इथला स्टँडपोस्ट ओलाच. पण त्याला सहसा साधेच बोल्ट असतात. संरक्षण म्हणून सभोवती सिमेंट भरलेले पाइप रोवतात किंवा नुसता कट्टा बांधतात. गोटे रचून त्यांना चुना लावलेलाही दिसतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. ओल्या हायड्रंटचा ब्रेकअवे बोल्ट पाणी थांबवत नाही. बोल्ट तुटला की पाण्याचा फवारा उडतोच. अमेरिकी शहरांत रस्त्यावर उसळणारी कारंजी दिसतात ती यातूनच. पाणी थांबवण्यासाठी फ्लँजच्या खाली वेगळा ब्रेक-ऑफ चेक व्हॉल्व लागतो. हायड्रंट जागेवर असेपर्यंत त्याचे झाकण उघडे धरलेले असते आणि हायड्रंट उडताच ते मिटते. चेक व्हॉल्व नसेल तर बोल्टचे काम एवढेच, की तूट व्हॉल्वच्या वर, ठरलेल्या जागी व्हावी. मग धावत जाऊन खड्ड्यातला स्लूस व्हॉल्व (त्या हायड्रंटचे पाणी बंद करणारा व्हॉल्व) फिरवता येतो. पाइप किंवा बेंड मुख्य लाइन आणि हा व्हॉल्व यांच्या मध्ये फुटला, तर लाइनचा तो सगळा तुकडाच बंद करावा लागतो आणि तेवढ्या भागातल्या बाकीच्या हायड्रंटांचेही पाणी जाते.

वेळही थोडाच मिळतो. लाइनचा दाब पडला की आगीचा पंप आपोआप सुरू होतो. त्याला काय ठाऊक की आग लागलेली नाही. मिनिटाला २,२८० लिटरचा पंप एक लाख लिटरची टाकी पाऊण तासात रिकामी करतो. तासाला पाच हजार लिटर देणाऱ्या बोअरला ती पुन्हा भरायला वीस तास लागतात, आणि उन्हाळ्यात बोअर तेवढे पाणी देईलच असे नाही. तेवढा वेळ अंगणातला कापूस उघड्यावर.

बोल्ट कच्चा करण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एकीत दांड्यावर खाच पाडतात. दुसरीत बोल्टला लांबीतून भोक पाडून तो पोकळ करतात. भोक दोन फ्लँजच्या सांध्याच्या पलीकडे जाईल एवढे खोल असते आणि पाणी-माती शिरू नये म्हणून ते सिलिकॉनसारख्या लुकणाने भरतात. बाहेरून पाहिले तर पोकळ बोल्ट साध्या बोल्टसारखाच दिसतो. आटे तेच, नट तोच. फरक हातात घेऊन टोकाकडून पाहिल्यावर कळतो.

हा बोल्ट दाबाखाली तगतो कसा? त्याचे उत्तर असे, की पाणी बोल्टला लांबीच्या दिशेने ओढते आणि ही ओढ वाटते तेवढी मोठी नसते. ८० मिमीच्या नळावर, पॅकिंगच्या बाहेरच्या कडेपर्यंत म्हणजे सुमारे १३ सेंमी व्यासावर पाण्याचा दाब धरला, तरी ७ किलो दर चौरस सेंटिमीटरला एकूण ओढ साधारण ९३० किलो होते. चार बोल्टांत वाटली तर प्रत्येकी २३० किलो. पाण्याचा धक्का आणि चाचणीचा दीडपट दाब धरूनही आकडा फार वाढत नाही. १६ मिमी बोल्टच्या आट्यांतले ताण झेलणारे क्षेत्र १५७ चौरस मिमी आहे. ४.६ प्रतीच्या साध्या पोलादात असा अख्खा बोल्ट ताणून कायमचा लांब होण्याआधी सुमारे ३.८ टन झेलतो. त्यात ९ मिमीचे भोक पाडले तर ९३ चौरस मिमी उरते, तरीही सव्वादोन टन. पाण्याला ते भरपूर झाले.

धडकेचे गणित निराळे. ट्रकचा मागचा भाग फ्लँजच्या वर ७० सेंमीवर एक टनाने ढकलतो असे धरू. खांब तरफेसारखा वागतो, आणि फ्लँजची रुंदी वीतभरही नसल्याने ट्रककडच्या दोन बोल्टांवर प्रत्येकी दोन टनांहून अधिक ओढ येते. पोकळ बोल्ट इथे हार मानतो, अख्खा मानत नाही. ८.८ प्रतीचा कडक बोल्ट तर दहा टनांपर्यंत हूं की चूं करत नाही. मग दुसरे काहीतरी तुटते.

आणि याच हिशेबात एक मेख आहे. आपल्याकडचा खांब बऱ्याचदा ८० मिमीच्या मध्यम जाडीच्या पोलादी पाइपचा असतो. तो पाइप ढोबळमानाने पाऊण टनाच्या ढकलीलाच वाकायला लागतो. म्हणजे ९ मिमीचे भोक पाडलेला १६ मिमीचा बोल्टही पाइपपेक्षा दणकटच ठरतो, आणि तशीच ओढ फ्लँजखालच्या पाइपवर व वेल्डवरही येते. कॅलिफोर्नियाचा खांब १५० मिमीचा, जाड ओतीव धातूचा. त्याच्यासाठी बसवलेले गणित इथे उचलून आणता येत नाही. बोल्ट कच्चा म्हणजे कशापेक्षा कच्चा, हे आधी ठरवावे लागते. खालचा पाइप, वेल्ड, बेंड आणि व्हॉल्वची ओतीव बॉडी या सगळ्यांहून तो दुबळा हवा. म्हणून तालुक्याच्या लेथवर अंदाजाने भोक मारून घेतलेल्या बोल्टला ब्रेकअवे बोल्ट म्हणता येणार नाही. तो फक्त भोक असलेला बोल्ट. एक तर हायड्रंट, बोल्ट आणि व्हॉल्व एकाच कारखान्याचा जुळलेला संच घ्यावा, नाहीतर फ्लँजखालचा सगळा भाग १०० मिमीचा, जाड पाइपचा करून काँक्रीटमध्ये पक्का धरावा आणि मग बोल्ट निवडावा.

काँक्रीटचा मुद्दा विदर्भात अधिकच महत्त्वाचा, कारण खाली काळी माती आहे. ही चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्या उलथापालथीत कुंपणाचे खांब तिरके होतात तसे स्टँडपोस्टही होतात. खांब थोडासा जरी कलला, तरी एका बाजूचे बोल्ट कायम ताणलेले राहतात. साध्या बोल्टला त्याचे काही वाटत नाही, पण कच्च्या बोल्टचे त्यात आयुष्य झिजते आणि एखाद्या रात्री कोणी धक्का न देताच सांधा गळायला लागतो. उपाय जुनाच आहे: काळी माती काढून मुरूम भरणे, बेंडच्या मागे पाण्याचा रेटा झेलणारा काँक्रीटचा ठोकळा (थ्रस्ट ब्लॉक) देणे, आणि फ्लँज मातीत न गाडता जमिनीच्या चार बोटे वर ठेवणे. फ्लँज मातीखाली गेला की बोल्ट गंजतोच, शिवाय धडकेत मातीच त्याला धरून ठेवते आणि तो तुटायचा तेव्हा तुटत नाही. हंगामाच्या शेवटी अंगणात मुरूम टाकून रोलर फिरवतात, त्यात किती फ्लँज गाडले गेले हे कोणी मोजत नाही. जाता जाता पाहावे अशी ही गोष्ट आहे.

बसवताना पोकळ बोल्ट लांब पाइप चढवलेल्या पान्याने आवळू नयेत. पिळाने तो आधीच दुखावतो आणि बाहेरून काही दिसत नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळत जायचे. उन्हाने कडक झालेले पॅकिंग गळू लागले की नट अजून आवळण्याचा मोह होतो. अशा वेळी पॅकिंग बदलावे.

बोल्ट बदलण्याची पद्धत मात्र कागदावर सोपी आणि अंगणात अवघड. एका जिनिंगमध्ये मी उभा असताना फिटरने काढलेला बोल्ट तळहातावर घेऊन उन्हाकडे धरला, त्याच्या टोकाचे भोक निरखून पाहिले आणि तो म्हणाला, ‘‘हा तं पोकय हाये भाऊ, याच्यात काई दम नाई. थांबा, पक्का लावून देतो.’’ त्याच्या थैलीत ८.८ चा आकडा कोरलेले चकचकीत बोल्ट होते. त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. प्रेसच्या मशिनीवर त्याच हाताने त्याने वर्षानुवर्षे नेमके हेच योग्य काम केले होते. त्याला रोटाव्हेटरची आठवण दिली तेव्हा तो हसला आणि थैली बंद केली.

तेव्हापासून तिथे फ्लँजच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा मारलेला आहे. चार बोल्ट, चार नट, वायसर आणि एक पॅकिंग असा संच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पंपघरातल्या खिळ्याला टांगलेला असतो, आणि शेजारच्या खिळ्याला स्लूस व्हॉल्वची टी-चावी.