व्हाइटकोट, बीटर, बेडलॅमर : न्यूफाउंडलंडची सील-शिकार आणि तिची बोली

सीलच्या शिकारीची बातमी आली की सोबतचं छायाचित्र ठरलेलं असतं. बर्फावर पांढरंशुभ्र पिल्लू, काळेभोर डोळे. कॅनडात या पिल्लाची व्यापारी शिकार १९८७ पासून बंद आहे, तरी छायाचित्र तेच आणि वादही तोच. हा गुंता समजून घ्यायचा तर कॅनडाच्या पूर्वेला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या मच्छीमारांच्या बोलीपासून सुरुवात केलेली बरी. कायद्याने ज्यावर बंदी घातली ते 'व्हाइटकोट' आणि 'ब्लूबॅक' हे दोन्ही शब्द त्याच बोलीतले आहेत.

सुरमईला गोव्यात इसवण म्हणतात, म्हणजे गाव बदललं की नाव बदलतं. न्यूफाउंडलंडमध्ये सीलचं नाव वयाप्रमाणे बदलतं. हार्प जातीचा सील उन्हाळा आर्क्टिकमध्ये काढतो, हिवाळ्याच्या तोंडावर दक्षिणेकडे उतरतो आणि फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये तरंगत्या बर्फावर वितो. बेटाच्या ईशान्येचा आणि समोरच्या मुख्य भूमीवरच्या लॅब्राडोरच्या दक्षिण टोकाकडचा बर्फ म्हणजे 'द फ्रंट', तर सेंट लॉरेन्सच्या आखातातला 'द गल्फ'. जन्मतःच पिल्लू दहा-अकरा किलोचं असतं. आईचं दूध इतकं स्निग्ध की साधारण बारा दिवसांत वजन तिपटीच्या घरात जातं, आणि मग आई त्याला सोडून निघून जाते. तोवर ते व्हाइटकोट. पुढे पांढरी लव गळायला लागली, अंगावर चिंध्या लोंबल्यासारखं दिसू लागलं की 'रॅगेड-जॅकेट'. लव पूर्ण जाऊन खाली करडी ठिपकेदार कातडी आली आणि पोहायला लागलं की 'बीटर'. वर्ष उलटलेला पण वयात न आलेला तो 'बेडलॅमर'. हा शब्द फ्रेंच 'बेत द ला मेर'वरून, म्हणजे समुद्री जनावरावरून आला असं लोक सांगतात. पाठीवर हार्प वाद्यासारखा काळा आकार उमटला की तो 'हार्प'. हूडेड सीलची जात वेगळी. तिचं पिल्लू 'ब्लूबॅक', मोठा नर 'डॉग हूड'.

सीलला सर्वसाधारण शब्द 'स्वाइल', शिकाऱ्याला 'स्वाइलर'. स्वाइलचं स्पेलिंग काय, असं विचारल्यावर एक म्हातारा म्हणाला, "आम्ही ते स्पेल करत नाही, ओढून आणतो," हा विनोद तिथे जुना आहे. त्या बोलीत 'स्पेल' म्हणजे खांद्यावरून वाहून नेणं. तिथल्या मेमोरियल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ही सगळी भाषा गोळा केली आणि १९८२ मध्ये 'डिक्शनरी ऑफ न्यूफाउंडलंड इंग्लिश' हा कोश निघाला.

हा इतका बारकावा हौसेचा नव्हता. सीलची किंमत तिच्या चरबीत होती. चरबीसकट सोललेल्या कातडीला 'स्कल्प' म्हणत, आणि बंदरातला व्यापारी कोवळ्या पिल्लाच्या चरबीला सगळ्यात चांगला भाव देई, कारण तिचं तेल स्वच्छ निघे. विजेच्या आधीच्या काळात हे तेल दिव्यांत जळत होतं, यंत्रांना घातलं जात होतं. कातड्याचं चामडं होई.

शिकार मात्र या व्यापाराहून कितीतरी जुनी. बेटाच्या वायव्येला पोर्ट ओ श्वा इथल्या फिलिप्स गार्डनमध्ये डॉर्सेट या प्राचीन आर्क्टिक लोकांची वस्ती उत्खननात सापडली, तिथल्या हाडांत सर्वाधिक हार्प सीलचीच आहेत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य परगण्यांतून आणि आयर्लंडच्या आग्नेय भागातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी आधी किनाऱ्यावरूनच, अरुंद खाड्यांत जाळी लावून सील धरले. उन्हाळ्यात कॉड मासा, वसंतात सील असं वर्षाचं गणित बसलं. अठराव्या शतकाच्या शेवटी शिडाची जहाजं थेट बर्फात शिरू लागली आणि धंदा फुगला. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला एकेका हंगामात सहा लाखांहून जास्त कातडी आली. १८६०च्या दशकात वाफेची जहाजं आली. त्यांना लागणारं भांडवल बेटाची राजधानी सेंट जॉन्स इथल्या मोजक्या व्यापारी घराण्यांकडेच होतं, त्यामुळे छोट्या बंदरांतले जहाजमालक मागे पडले आणि माणसं जहाजावर जागा, म्हणजे 'बर्थ', मिळावी म्हणून रांगा लावू लागली.

काम जिवावरचं. हातात 'गॅफ', म्हणजे टोकाला लोखंडी आकडा असलेली काठी, आणि एका हिमतुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या. या उड्यांना 'कॉपिइंग' म्हणत. किनाऱ्यावरची पोरं वसंतात हाच खेळ खेळत, एकाने उडी मारली की मागच्याने तिची नक्कल करायची. १९१४च्या मार्चअखेर 'न्यूफाउंडलंड' याच नावाच्या जहाजाची १३२ माणसं वादळात बर्फावर अडकली, दोन रात्री. त्यांचा कप्तान वेस्टबरी कीन समजत होता की माणसं वडिलांच्या, एब्रम कीन यांच्या, 'स्टेफानो' जहाजावर आहेत. वडिलांना वाटलं ती 'न्यूफाउंडलंड'वर परतली असतील. विचारायला बिनतारी यंत्र नव्हतं, कारण त्यातून मिळकत वाढत नाही म्हणून मालकांनी ते आधीच उतरवून घेतलं होतं. ७८ जण दगावले. एलिस्टन गावचे रूबेन क्रू आणि त्यांचा मुलगा एकमेकांच्या मिठीत गोठलेले सापडले. गावात आज त्यांचा पुतळा आहे. त्याच वादळात 'सदर्न क्रॉस' हे जहाज सगळ्या माणसांसह बुडालं. चौकशी झाली, नंतर जहाजांवर बिनतारी यंत्र सक्तीचं झालं.

न्यूफाउंडलंड १९४९ मध्ये कॅनडात सामील झालं. साठच्या दशकात बर्फावरच्या शिकारीची चित्रफीत दूरचित्रवाणीवर दिसली आणि युरोपात संताप उसळला. १९७७ मध्ये फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो स्वतः तिथे जाऊन आली. १९८३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने व्हाइटकोट आणि ब्लूबॅक यांच्या कातड्यांची आयात रोखली, चार वर्षांनी कॅनडाने त्यांची व्यापारी शिकार थांबवली आणि मोठी जहाजंही बंद केली.

निषेधाच्या फलकांवर मात्र अजूनही व्हाइटकोटच असतो, आणि लहान बोटींतून निघणाऱ्या शिकाऱ्यांचा राग त्यावरच आहे. आता ते मुख्यतः बीटर मारतात, बहुतेक बंदुकीने. पण बीटर म्हणजे काही आठवड्यांपूर्वीचा व्हाइटकोटच, हा विरोधकांचा मुद्दाही खोटा नाही.

सगळ्यात अन्याय झाला तो आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांवर, इनुइटांवर, असं माझं मत. त्यांचा मुख्य सील वेगळा, रिंग्ड सील. ते त्याला 'नत्तिक' म्हणतात. बर्फातल्या श्वास घेण्याच्या भोकापाशी तासन् तास थांबून तो मारायचा, मांस खायचं, कातडी विकून काडतुसं आणि इंधन घ्यायचं. व्हाइटकोट त्यांनी मारलेच नव्हते. पण १९८३ नंतर सीलच्या कातड्याला गिऱ्हाईकच उरलं नाही, आणि नत्तिकचा भावही कोसळला. युरोपीय संघाने २००९ मध्ये सर्वच सील-उत्पादनांवर बंदी आणली तेव्हा इनुइटांना सूट दिली. सूट कागदावर आहे, पण कातडी घेणारे दुकानदार त्याआधीच निघून गेले होते.