हलक्या आणि जड दुर्मिळ मृदांचं घर वेगळं कसं झालं

पालच्या यात्रेतल्या पेढ्यांच्या दुकानावर पूर्वी गॅसबत्ती फसफसत असायची. नवं मेंटल म्हणजे सुताची मऊ पिशवी. बांधून काडी लावली की सूत जळायचं आणि राखेचा पांढरा सांगाडा उरायचा. बोट लागलं की भुगा. उजेड द्यायचा तो हाच सांगाडा. त्यात ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि जेमतेम १ टक्का सेरियमचं. हे सेरियम हलक्या दुर्मिळ मृदांमधलं. दुर्मिळ मृदा म्हणजे एकमेकांसारखी वागणारी, म्हणून वेगळी करायला अवघड अशी सतरा धातू मूलद्रव्यं.

हलकी-जड ही विभागणी मुळात वजनकाट्यावर झालेली नाही. ती दोन स्वीडिश दगडांची. स्टॉकहोमजवळच्या इटर्बी खाणीत १७८७ साली एक काळा दगड सापडला. १७९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गॅडोलिन यांनी त्यातून इट्रिया, म्हणजे इट्रियमचं ऑक्साइड, वेगळा केला. बास्टनेस खाणीतल्या दुसऱ्या दगडातून १८०३ मध्ये सेरियम मिळालं. पुढची शंभर वर्षं रसायनशास्त्रज्ञ या दोन गाठोड्यांतून एकेक मूलद्रव्य सोडवत बसले. सोडियम सल्फेट घातलं की सेरियमची भावंडं तळाशी बसत, इट्रियमची द्रावणातच राहत. अणुभाराची हलकी-जड नावं या वेगळेपणावर नंतर चिकटली: सेरियमकडची हलकी, इट्रियमकडची जड. म्हणूनच इट्रियमचा अणुक्रमांक अवघा ३९ असूनही ते जडांच्या पंगतीत बसतं, कारण त्याच्या आयनाचा आकार होल्मियमशी जुळतो. सीमारेषेवर अजूनही एकमत नाही. कुणी ती समेरियमपाशी आखतं, कुणी गॅडोलिनियमपर्यंत नेतं.

मेंटल शोधणारे ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ आउअर यांनीच १८८५ मध्ये, तोवर एकच मूलद्रव्य समजलं जाणारं 'डिडिमियम' फोडून निओडिमियम आणि प्रासिओडिमियम वेगळे केले. मेंटलसाठी थोरियम हवं, म्हणून मोनाझाइट या थोरियम असलेल्या खनिजाचा शोध सुरू झाला आणि १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते त्रावणकोरच्या वाळूत सापडलं. सरकारी इंडियन रेअर अर्थ्स कंपनी १९५० मध्ये त्याच वाळूच्या भरवशावर उभी राहिली. पण मोनाझाइटमध्ये जवळपास सगळा माल हलका. जडांचा वाटा नावापुरता.

जड मृदा मिळाल्या त्या दक्षिण चीनच्या मातीत, १९६९ च्या सुमारास. तिथे त्या चिकणमातीच्या कणांना नुसत्या चिकटून असतात. क्षाराच्या पाण्याने धुतल्या की सुटतात. तेव्हा त्यांना फारसं गिऱ्हाईक नव्हतं. १९८० च्या दशकात निओडिमियम-लोह-बोरॉनचं चुंबक आलं आणि चित्र पालटलं. या चुंबकाचं दुखणं एकच, उष्णता. साधं चुंबक ८० अंशांच्या पुढे ढिलं पडू लागतं. बॅटरीची स्कूटर साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढू लागली की मोटर तापते; अशा मोटरींच्या चुंबकात म्हणून थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. दोन्ही जड.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम, इट्रियम. निओडिमियम त्या यादीत नव्हतं.